पन्नाशीनंतर पहिली १५०० मीटर शर्यत : पाण्यातली धाप ओळखायला शिकूया

"मॅडम, मी रोज चाळीस मिनिटं पोहतो. आमचे सर म्हणतात, मास्टर्सच्या स्पर्धेत १५०० मीटरला नाव द्या. देऊ का?"

हा प्रश्न हल्ली माझ्या ओपीडीत वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात. हातात फिटनेस सर्टिफिकेटचा छापील फॉर्म असतो आणि मी बीपी बघून सही करावी एवढीच अपेक्षा असते. सही करण्याआधी मी त्यांना एक उलटा प्रश्न विचारते, "पोहताना धाप लागते, तेव्हा नेमकं काय होतं ते सांगा." बऱ्याच जणांना हे विचित्र वाटतं. धाप म्हणजे धाप, त्यात सांगायचं काय?

सांगण्यासारखं बरंच असतं. पाण्यात लागणारी धाप दोन प्रकारची असते. एक साधी असते, ती सरावाने जाते. दुसरी हृदयाचा किंवा फुप्फुसाचा निरोप घेऊन आलेली असते. मोठ्या वयात पहिल्यांदा लांब अंतर पोहणाऱ्याला या दोन्हींतला फरक कळणं फार गरजेचं आहे. गेल्या वर्षी, ५४ व्या वर्षी, मी स्वतः ही शर्यत पहिल्यांदा पोहले. त्यामुळे आज डॉक्टर म्हणून जे ठाऊक आहे ते आणि पाण्यात जे अनुभवलं ते, दोन्ही एकत्र सांगते.

आधी थोडी ओळख करून घेऊ. मास्टर्स म्हणजे २५ वर्षांवरच्यांच्या स्पर्धा. त्यात पाच-पाच वर्षांचे गट असतात, त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाची बरोबरी पंचविशीतल्याशी होत नाही. १५०० मीटर ही ऑलिंपिकमधली तलावातली सर्वांत लांब शर्यत. ५० मीटरच्या तलावात ३० लेंथ, २५ मीटरच्या तलावात ६०. पुरुषांसाठी ती १९०८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. बायकांना ती थेट टोकियोत, २०२१ साली मिळाली.

सिंहगड चढणाऱ्याला दोन लेंथमध्ये धाप का लागते?

माझे काही पेशंट दर रविवारी सिंहगड चढतात. पण तेच लोक तलावात दोन लेंथ पोहले की भिंतीला लटकून धापा टाकतात. मग म्हणतात, "माझा स्टॅमिनाच नाही." स्टॅमिना असतो. अडचण वेगळीच असते, आणि तिची कारणं तीन आहेत.

पहिलं कारण, पाण्याचा दाब. छाती पाण्यात असते तेव्हा पाणी तिला सर्व बाजूंनी हलकेच दाबत असतं. प्रत्येक श्वास घेताना बरगड्यांना तो दाब ढकलावा लागतो. शिवाय हातापायांतलं बरंचसं रक्त छातीकडे सरकतं. हृदय जास्त भरतं आणि फुप्फुसांना जागा किंचित कमी उरते.

दुसरं कारण, पोहण्याची ढब. गावाकडे वाढलेले माझ्या वयाचे अनेक जण पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. ते मुटके मारतील, तळ गाठून येतील, पाण्याला जराही घाबरणार नाहीत. पण पोहताना त्यांची मान वर असते. विहिरीत ते ठीकच होतं, कारण तिथे समोरचं दिसणं महत्त्वाचं आणि अंतर वीस हातांचं. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं आणि पाणी अडवायला लागतं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. त्यात तिरकं शरीर ओढत नेणं म्हणजे हँडब्रेक लावून गाडी चालवणं.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं आहे. आपण पाण्यात श्वास सोडत नाही.

श्वास घेण्याची घाई मेंदूला होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. ऑक्सिजन कमी पडण्याची वेळ बऱ्याच नंतर येते. नवखा माणूस चेहरा पाण्यात असताना श्वास कोंडून ठेवतो. मग मान वळवल्यावर मिळणाऱ्या जेमतेम एका सेकंदात त्याला श्वास सोडायचाही असतो आणि घ्यायचाही असतो. दोन्ही अर्धवट होतं. आतली शिळी हवा आतच राहते, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि मेंदू ओरडू लागतो, "हवा! हवा!" खरं तर हवा भरपूर असते, ती बाहेर काढलेली नसते.

उपाय साधा आहे. चेहरा पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून संथपणे बुडबुडे सोडत राहायचं. मान वळेपर्यंत छाती रिकामी झालेली असली की श्वास आपोआप आत येतो. मी पहिले तीन आठवडे रोज उथळ बाजूला उभी राहून वीस-वीस वेळा एवढंच करत होते. डोकं पाण्यात, सावकाश बुडबुडे, डोकं वर, श्वास. शेजारी पाच-सहा वर्षांची मुलं तेच शिकत होती. त्यातल्या एकीने मला विचारलं, "आजी, तुम्ही पण बिगिनर बॅचला?" मी हो म्हटलं.

इथेच एक धोक्याची सूचना. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून काही जण बुडी मारण्याआधी जोरजोरात, भराभर श्वास घेतात. त्याने कार्बन डायऑक्साइड खाली जातो आणि मेंदूची धोक्याची घंटा उशिरा वाजते. तोवर ऑक्सिजन इतका उतरतो की माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही असे जीव गेले आहेत. हा प्रकार कधीही करू नका आणि मुलांनाही करू देऊ नका.

सहीआधीची तपासणी

माझ्या वडिलांना ५१ व्या वर्षी हार्ट अटॅक आला. त्यामुळे शर्यतीत नाव देताना मी स्वतःचं सर्टिफिकेट स्वतः लिहिलं नाही. हृदयरोगतज्ज्ञाकडे साध्या पेशंटसारखी रांगेत बसले. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट एवढ्या तपासण्या झाल्या. प्रत्येकाला ट्रेडमिल टेस्ट लागतेच असं नाही. वय, त्रास आणि घराण्याचा इतिहास बघून डॉक्टर ते ठरवतात. टेस्ट नॉर्मल आली म्हणजे जन्माची हमी मिळाली असंही समजू नका. तिचा अर्थ एवढाच की आज, एवढ्या श्रमाला, काही बिघाड दिसला नाही.

एवढी काळजी कशासाठी? ट्रायथलॉनमध्ये पोहणं, सायकल आणि धावणं असे तीन टप्पे असतात. अमेरिकेत या स्पर्धांमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्याचं दिसलं. त्या स्पर्धा मुख्यतः खुल्या पाण्यात होतात. तलाव त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे. तरी धडा आपल्यालाही लागू पडतो. रस्त्यावर छातीत दुखलं तर माणूस खाली बसतो. पाण्यात बसायला जागा नसते.

माझ्या एका पेशंटचं उदाहरण देते. वय ५२, बँकेत अधिकारी, वजन बेताचं, कसलं व्यसन नाही. असाच फॉर्म घेऊन आले होते. माझा नेहमीचा प्रश्न विचारल्यावर म्हणाले, "धाप फारशी नाही हो. पण तिसऱ्या लेंथला जबडा धरल्यासारखा होतो. थांबलं की दोन मिनिटांत जातो. सर म्हणतात, तुम्ही दात आवळून पोहता."

श्रम केल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं जबड्याचं दुखणं म्हणजे अंजायना असू शकतो, मग छातीत काहीही होत नसलं तरी. त्यांची ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली. अँजिओग्राफीत एक मोठी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली दिसली आणि स्टेंट बसवला. हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर काही महिन्यांनी ते पुन्हा तलावात उतरले. आता ४०० मीटर संथ पोहतात आणि थांबतात. त्या दिवशी मी नुसतं बीपी बघितलं असतं तर ते १३० बाय ८० होतं.

शर्यतीचा विचार करत असाल तर खालीलपैकी काहीही लागू असल्यास आधी डॉक्टरांशी बोला.

• श्रम करताना छाती, जबडा, खांदा, हात किंवा पोटाच्या वरच्या भागात आवळल्यासारखं होतं.
• श्रमात चक्कर आली आहे किंवा शुद्ध हरपली आहे.
• जवळच्या नात्यात पुरुषाला ५५ च्या किंवा स्त्रीला ६५ च्या आत हार्ट अटॅक आला आहे.
• घरात कुणी तरुण माणूस अचानक गेलं आहे, किंवा चांगलं पोहता येत असून बुडालं आहे. हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक दोष असा आहे की त्याचा झटका नेमका पोहताना येऊ शकतो. ईसीजीमध्ये त्याची खूण सापडू शकते.
• बीपी, मधुमेह, दमा किंवा फिट येण्याचा आजार आहे.
• कानाच्या पडद्याला छिद्र आहे, किंवा काचबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. घट्ट गॉगलचा दाब डोळ्यावर पडतो.

गोळ्यांबद्दल थोडं. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची शुगर पोहताना आणि त्यानंतर काही तासांनीही उतरू शकते. पाण्यात घाम जाणवत नाही आणि थरथर थंडीची वाटते, म्हणून शुगर उतरल्याची लक्षणं झाकली जातात. पाण्यात उतरण्याआधी शुगर तपासा, काठावर साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि सोबतच्या कुणाला तरी ते सांगून ठेवा. आपल्या मनाने गोळी मात्र बंद करू नका.

तयारी कशी केली?

मला सलग २०० मीटर येत होतं तिथून १५०० पर्यंत यायला पाच महिने लागले. आठवड्यातून तीन दिवस पोहायचं, मध्ये एक दिवस सोडायचा. सुरुवातीला ५० मीटर आणि अर्धा मिनिट विश्रांती, असं आठ वेळा. मग १०० मीटरचे तुकडे, मग २००, मग सलग ४००. एकूण अंतर हळूहळू वाढवलं. शर्यतीच्या दोन आठवडे आधी एकदाच पूर्ण १५०० मीटर पोहून बघितलं, वेळ न लावता.

वेग बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? चालताना आपण म्हणतो, बोलता येईल इतपत दम लागावा. पाण्यात बोलता येत नाही. म्हणून भिंतीला हात लागला की एक पूर्ण वाक्य म्हणून बघायचं. मी "आज भाजीला काय करायचं" हे म्हणायची. न तुटता म्हणता आलं तर वेग बरोबर. पोहताना नाडी जमिनीवरच्यापेक्षा साधारण १० ते १५ ठोके कमी चालते, म्हणून चालण्याचे आकडे इथे लावू नका.

खांद्याकडे लक्ष ठेवा. १५०० मीटरमध्ये एकेक हात शेकडो वेळा डोक्यावरून जातो. पन्नाशीनंतर खांद्याचे स्नायूबंध आधीच थोडे झिजलेले असतात. पोहून झाल्यावर थकवा येणं ठीक. पण रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल तर अंतर कमी करा आणि दाखवून घ्या. दुसरं, पोहण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे हाडांना व्हावा तेवढा फायदा होत नाही. पाळी गेलेल्या बायकांनी चालणं आणि थोडं वजन उचलणं सोडू नये. आणि सराव कधीही एकट्याने, जीवरक्षक नसताना करू नये.

शर्यतीच्या दिवशी

नियम आधी वाचा. त्यांत नवख्याला धीर देणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. मास्टर्समध्ये ठोकळ्यावरून सूर मारण्याची सक्ती नसते, पाण्यातून भिंत ढकलून सुरुवात करता येते. फ्रीस्टाईलमध्ये तळाला पाय टेकवून उभं राहिलं तरी बाद होत नाही. फक्त चालायचं नाही आणि लेनची दोरी ओढायची नाही. किती लेंथ राहिल्या याच्या पाट्या दाखवतात, आणि शेवटच्या दोन लेंथ उरल्या की घंटा किंवा शिट्टी वाजते. स्थानिक स्पर्धेत यातलं काय लागू आहे, ते आयोजकांना विचारून घ्या.

सुरुवातीचे १०० मीटर सर्वांत फसवे असतात. अ‍ॅड्रेनॅलिनमुळे छाती धडधडत असते, हातापायांत नको इतकं बळ आलेलं असतं आणि स्पर्धेचं २५ ते २८ अंशांचं पाणी अंगाला गार लागतं. म्हणून शिट्टीच्या आधी पाण्यात उतरून दहा मिनिटं अंग गरम करून घ्या आणि पहिल्या दोन लेंथ सरावापेक्षाही हळू पोहा. माझ्या डाव्या-उजव्या लेनमधले सगळे भराभर पुढे गेले. मी बुडबुडे मोजत राहिले.

बाराव्या लेंथला, म्हणजे ६०० मीटरच्या आसपास, माझी छाती भरून आल्यासारखी झाली. श्वास पुरेना. आणि मला वडील आठवले. डॉक्टर असण्याचा अशा वेळी उपयोग होतो तितकाच त्रासही होतो, कारण काय काय असू शकतं याची यादी पाठ असते. मी वेग निम्म्यावर आणला, बुडबुडे लांबवले आणि स्वतःला दोनच प्रश्न विचारले. हळू केल्यावर कमी होतंय का? धापेच्या सोबतीला दुसरं काही आहे का? दुखणं नव्हतं, चक्कर नव्हती, ठोके चुकत नव्हते, खोकला नव्हता. एक लेंथ संपेपर्यंत छाती मोकळी झाली. तशी झाली नसती तर मी तिथेच हात वर केला असता. ते मी घरून ठरवून आले होते आणि काठावर बसलेल्या नवऱ्याला तसं सांगूनही ठेवलं होतं. अठराव्या लेंथनंतर शरीराला लय सापडली आणि पुढचं अंतर आधीच्यापेक्षा सोपं गेलं.

शेजारच्या लेनमधले साठीचे एक गृहस्थ ९०० मीटरला भिंत धरून थांबले. पोटरीत गोळा आला होता. एकदा पाय ताणून बघितला, मग हात वर करून शांतपणे बाहेर आले. नंतर चहा पिताना म्हणाले, "पुढच्या वर्षी उरलेले सहाशे." त्या दिवशी मला सर्वांत शहाणा पोहणारा तोच वाटला.

मला ४३ मिनिटं लागली. माझ्या गटात आम्ही तिघी होतो, मी तिसरी आले. म्हणजे पदक मिळालं. त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

दोन धापा : हे कापून ठेवा

साधी धाप अशी असते : वेग वाढवल्यावर लागते, वेग कमी केला आणि श्वास नीट सोडला की एक-दोन मिनिटांत उतरते, सोबत दुसरं काही नसतं, आणि सराव वाढतो तशी ती उशिरा लागते.

धोक्याची धाप अशी असते :

• थांबल्यावरही कमी होत नाही, किंवा नेहमीच्या अंतरातच अचानक लवकर लागू लागते.
• सोबत छाती, जबडा, हात किंवा पाठीत दुखतं वा आवळतं.
• ठोके वेडेवाकडे पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळतं, दरदरून घाम येतो.
• खोकला येतो, छातीत घरघर होते, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडते. पोहताना क्वचित फुप्फुसात पाणी साठतं, त्याची ही खूण आहे. हे पाणी तलावाचं नसतं, आपल्याच रक्तातलं असतं.

यातलं काहीही झालं तर लेंथ पूर्ण करायच्या नादाला लागू नका. भिंत जवळ असेल तर धरा, नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा. बाहेर आल्यावर एकट्याने शॉवरला जाऊ नका, स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका. सोबतच्या माणसाला सांगा आणि १०८ ला फोन करा. थांबल्यावर बरं वाटलं तरी त्याच दिवशी दाखवा. त्या बँकेतल्या गृहस्थांनाही दोन मिनिटांत बरं वाटत होतं.

मग नाव द्यायचं का? तपासणी झाली असेल आणि चार-पाच महिने द्यायची तयारी असेल तर जरूर द्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. शर्यतीच्या निमित्ताने तो सहज होतो, आणि गुडघे दुखणाऱ्यांना तर पाण्यासारखी जागा नाही. या आठवड्यात मात्र अंतर मोजू नका. उथळ बाजूला उभे राहा, वीस वेळा डोकं पाण्यात घालून सावकाश बुडबुडे सोडा आणि मग शांतपणे दोन लेंथ पोहून बघा. धाप लागली तर ती कशी लागते, किती वेळात उतरते आणि सोबत काय होतं, हे लिहून ठेवा. फॉर्म घेऊन याल तेव्हा तो कागदही आणा.